दर्या थांबून बघायचा नाय

मला सायकल येत नाही. लहानपणी डावा कान फुटला तो कायमचा, आणि माणसाचा तोल कानात असतो असं आमच्या गावचा वैद्य म्हणायचा. असेल. दोन चाकांवर बसलो की मला जमीन तिरकी दिसते, मग ती सरळ करायला मी तिरका होतो आणि पडतो. तरीसुद्धा मढपासून नरिमन पॉइंटपर्यंत मुंबईची सगळी किनार मी सायकलवरून बघितलेली आहे. एकदा नाही, वर्षानुवर्षं, रविवारच्या रविवारी. त्याला कारण दोन माणसं. एक माझी बायको हौसा, ती गेल्या दिवाळीनंतर गेली. दुसरा आमचा खोलीमालक, तो जाऊन तर जमाना झाला. हौसाबद्दल लिहायला बसलो की दुसऱ्या ओळीला मी उठून पाणी प्यायला जातो, तो परत येतच नाही. म्हणून मालकाबद्दल लिहितो. त्याच्याबद्दल वाईट लिहायला मला जड जात नाही.

मालक अंधेरीच्या एका गावठाणातला जुना ख्रिश्चन. घरात, चर्चमध्ये, भांडणात, सगळीकडे मराठीच. फक्त त्याच्या मराठीत ळ नव्हता आणि ण नव्हता, कुठल्या तरी भरतीला वाहून गेले असावेत. सगळं आयुष्य गोदीत टगवर काढलेलं. टग म्हणजे मोठ्या बोटीला दोर बांधून धक्क्याला ओढून आणणारी छोटी बोट. निवृत्त झाल्यावर ओढायला बोटी उरल्या नाहीत, म्हणून तो भाडेकरूंना ओढायला लागला.

खाकी हाफ पँट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, डोक्यावर फेल्ट हॅट आणि पायात मोज्याशिवाय बूट. हॅट तो फक्त दोन ठिकाणी काढायचा, चर्चमध्ये आणि मच्छी विकत घेताना. सायकल काळी, म्हशीसारखी जड. तिच्या हँडलला जुन्या मोटारीचा रबरी भोंगा बसवलेला. सायकलवर असताना तो बोलण्यापेक्षा भोंगाच जास्त वाजवायचा. एकदा वाजवला की हो, दोनदा वाजवला की नाही, आणि दाबूनच धरला की समोरच्याच्या आईबापांचा उद्धार. पाठीमागं आम्ही त्याला भोंगाच म्हणायचो. त्याला ते माहीत होतं. एकदा परब नावाच्या भाडेकरूनं चुकून तोंडावर म्हटलं, तर त्यानं एकदा वाजवला.

सायकलच्या कॅरिअरवर एक गादी बांधलेली होती. लाल चौकड्यांच्या लुगड्याच्या कापडाची, आत कापूस ठासून भरलेला. त्या गादीवर कुणी बसायचं नाही. बसायचं सोडा, बाजारातून येताना तो कोथिंबिरीची जुडी दातात धरायचा पण त्या गादीवर ठेवायचा नाही.

रविवारी चर्चच्या पहिल्या मिस्सेला तो सगळ्यात पुढच्या बाकावर. पाद्री सरमन, म्हणजे प्रवचन, द्यायला उभा राहिला की हा पण उभा राहायचा, हॅट घेऊन मधल्या वाटेनं सरळ बाहेर. पाद्रीनं एकदा त्याला आवारात गाठून विचारलं तर म्हणाला, "फादर, मी ज्याला भेटायला येतो तो भेटला. तुमी मना आठवडाभर भेटताच." तिथून बाहेर पडला की आमची वरात सुरू.

ती वरात म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण त्यापायी माझा संसार मोडायची वेळ आली होती.

पासष्ट-सहासष्टची गोष्ट असेल. मी कुर्ला रोडवरच्या एका कारखान्यात भट्टीवर होतो. राहायला एका गाळ्यात, जिथं एक पाळी उठून कामाला गेली की दुसरी पाळी त्यांच्याच गरम वळकटीवर झोपायची. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि हौसा गावाकडं, साताऱ्याच्या बाजूला, माझ्या आईजवळ. मी वर्षातून एकदा जायचो, यात्रेला. बायकोची ओळख विसरायला होते अशानं. खोली मिळेल तर तिला आणायची, आणि खोली मिळत नव्हती.

कुणीतरी सांगितलं, गावठाणात एक येडा म्हातारा आहे, पागडी मागत नाही, जात विचारत नाही. मी धावत गेलो. मालक ओट्यावर बसून सायकलच्या चेनला तेल घालत होता. त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"घाटी?"

"हो."

"बायको हाय?"

"आहे. गावाला आहे."

"सायकल येते तुना?"

घराच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, विहीर होती, दोन डुकरं होती. एक खोली उघडी होती आणि तिच्या भिंतीला ताजा चुना दिसत होता. मी म्हटलं, येते की. खोटं बोललो, आणि परत ती वेळ आली तर परत बोलेन. मुंबईत खोलीसाठी माणसं बाप बदलतात, मी तर फक्त सायकल म्हटलं.

मग त्यानं अट सांगितली. खोली भाड्यानं मिळेल, पण दर रविवारी त्याच्याबरोबर सायकलवरून दर्या बघायला यायचं. आजारी असलात तर सवलत, मेलात तर माफ. ज्याला जमत नसेल त्यानं खोली खाली करायची.

"मुंबई कडेकडेनं बघायची असते," तो म्हणाला. "मधी काय हाय? नुस्ती मानसं."

मी पैसे दिले, किल्ली घेतली आणि गावाला जाऊन हौसाला घेऊन आलो. तिनं पहिल्यांदा खोली बघितली, चूल कुठं मांडायची ते ठरवलं, विहिरीवर जाऊन पाण्याची चव घेतली, आणि म्हणाली, "आता मी हितनं हालत न्हाय." दोन दिवसांवर रविवार होता.

त्या वरातीत आम्ही चार भाडेकरू. त्यातले दोघं लक्षात ठेवण्यासारखे. एक परब, मालवणकडचा, सिनेमा कंपनीत लायटिंगचं काम करायचा आणि नट्यांबद्दल असं बोलायचा की जशा काही त्याच्या मावशीच्याच मुली. दुसरा लेले, फोर्टातल्या कचेरीत कारकून, सायकल इतकी पुसून ठेवायचा की तिच्यात बघून भांग पाडता यावा. पुढं मालक भोंगा वाजवत, मागं आम्ही एका रांगेत. मी भाड्यानं आणलेली सायकल हातात धरून सात बंगल्यापर्यंत चालतच गेलो, पायात गोळा आलाय म्हणून सांगितलं. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात उतार लागला तेव्हा मालक ओरडला, "घाट्या, आता तरी बस." बसलो. जमीन तिरकी झाली. वाळत घातलेल्या बोंबलांच्या वलांडीत मी असा शिरलो की बांबूसकट सगळं अंगावर घेऊनच थांबलो. कोळणींनी जे मला ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला अर्धा भाग माझ्या आईबद्दल होता आणि अर्धा बोंबलांच्या.

मालकानं सायकल वळवली, माझ्या डोक्यावर लटकणारा एक बोंबील काढला, वास घेऊन बघितला आणि म्हणाला, "म्हैन्याअखेर खोली खाली कर."

त्या रात्री, म्हणजे जेवतानाच, मी हौसाला सगळं सांगितलं. कानाचं तिला माहीत होतं, अटीचं नव्हतं. मला वाटलं रडेल. ती भाकरी थापतच राहिली. मग म्हणाली, "म्हंजी सायकल चालवता आली की झालं?"

"मला नाही येणार. वैद्यानं सांगितलंय."

"तुमचं कोण बोलतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक गादीवरची धूळ झटकत असताना ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. मी खिडकीतून बघत होतो. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, पण आवाज विहिरीपलीकडं ऐकू जाईल असा.

"मालक, ही गादी कुनाची?"

असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. आम्हा पुरुषांत त्या गादीवरून विनोद व्हायचे, पण विचारायची कुणाची छाती नव्हती. मालक किती तरी वेळ फडकंच झटकत राहिला.

"आमची बाय बसायची," तो म्हणाला. बाय म्हणजे त्याची बायको, आम्ही यायच्या आधीच वारलेली.

"त्या बसायच्या आन तुमी चालवायचा. तसंच मी चालवीन आन हे मागं बसतील. दर्या दोगंबी बगू. चालंल का?"

मला वाटलं, आता आजच सामान रस्त्यावर येतंय. मालकानं तिच्या नऊवारीच्या काष्ट्याकडं बघितलं, मग सायकलच्या आडव्या दांडीकडं.

"लुगड्याची बांधनी सायकलसाठीच हाय तुझ्या," तो म्हणाला. "उद्या सकाली चर्चच्या मैदानात ये."

मैदानात तिला त्यानं शिकवलं. मिस्सेच्या वेळी आत पाद्री प्रार्थना म्हणतोय, बाहेर मालक सायकलच्या सीटखाली हात धरून धावतोय आणि ओरडतोय, "खाली बघू नको, क्रुसाकडं बघ, क्रुसाकडं." आमची बाई हिंदू, तिनं देवच म्हणून त्या क्रुसाकडं असं टक लावून बघितलं की सरळ जाऊन त्यालाच धडकली. पाद्री बाहेर आला. मालक म्हणाला, "फादर, तुमच्या सरमननं येवड्या वर्षांत इतकी जवल कुनी आली नसेल." गुडघे फुटले, कोपर सोललं, संध्याकाळी हळद लावताना ती शिव्या द्यायची, त्या सायकलला होत्या की मला ते मी विचारलं नाही. पण आठवड्यात ती पुढं निघून गेली आणि मागं धावणारा मालक एकटाच धापा टाकत उभा राहिला.

तेवढ्यानं भागलं नाही. बाकीच्यांनी कुरकुर केली, लेले म्हणाला की हा नियमाचा भंग आहे. मालकाला नियम म्हणजे बायबल. त्यानं परीक्षा लावली. येत्या रविवारी होडीतून मढला जायचं. तिथं उतरल्यापासून वाळूवरून गावापर्यंत जाऊन परत होडीपाशी यायचं, तिनं चालवायची, मी मागं. मधे पाय जमिनीला टेकला की खोली गेली.

ओहोटीच्या वेळी मढची ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट असते. जाताना काही झालं नाही. मी कॅरिअरवर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलेलो, मांडीवर भाकरीचं गाठोडं, एका हातानं तिची सीट धरलेली. तो हौसानं बघितलेला पहिला समुद्र. आमच्या गावच्या ओढ्याला चार महिने पाणी, बाकी वर्ष गुरं त्यात चरतात. मी मागून विचारलं, "कसा वाटला?" ती म्हणाली, "गप बसा, मला फुडं बगू द्या."

परत येताना वाळूवर गर्दी दिसली. सिनेमाचं शूटिंग. चांदीचे पत्रे, छत्र्या, ट्रॉलीवर कॅमेरा, आणि सुटाबुटातला हिरो भर उन्हात हिरॉइनला समुद्र दाखवत होता. परब मागून कळवळला, "मालकांनु, आमचीच कंपनी आसा ही. माका वळाखतले." त्यानं टॉवेल तोंडाला गुंडाळला आणि फक्त डोळे उघडे ठेवले, त्यामुळं तो जास्तच संशयास्पद दिसायला लागला.

कंपनीचा एक माणूस हात पसरून धावत आला. "रुको, रुको, शॉट चालू है."

डाव्या हाताला पाणी. उजव्या हाताला कोरडी, भुसभुशीत वाळू. मधे हिरो. थांबलं की पाय टेकणार आणि पाय टेकला की मी परत त्या गाळ्यात आणि हौसा साताऱ्याला. मला माझी चुन्याची भिंत दिसायला लागली. मी म्हटलं, "थांब गं, मारतील." मागून तिची मान दिसत होती, ती ताठ झाली.

मालक पुढं होता. त्यानं भोंगा दाबून धरला, पण तो कोळीवाड्यात चालायचा, सिनेमावाल्यांना चालला नाही. त्या माणसानं मालकाच्या हँडललाच हात घातला. मालकानं हिसडा देऊन सायकल उजवीकडं घातली, कोरड्या वाळूत. पुढचं चाक रुतलं, मागचं वर आलं, आणि आमचा मालक हॅटसकट वाळूत आडवा झाला. फक्त गादीला वाळू लागू नये म्हणून त्यानं एका हातानं कॅरिअर वर उचलून धरलं होतं.

आणि त्याच गडबडीत मधला रस्ता मोकळा झाला. हौसानं जोर लावला. कॅमेऱ्याच्या पुढून, हिरो आणि हिरॉइन यांच्या बरोबर मधून, काष्टा घातलेली बाई आणि तिच्या मागं गाठोडं धरून बसलेला मी. हिरॉइन तोंडावर हात ठेवून हसत बसली. हिरो मला म्हणाला, "ये क्या है?" दुसरं काय सांगणार, मी म्हटलं, "मिसेस."

होडीपाशी पोचलो तेव्हाच तिनं पाय टेकला. सगळे मागून आले. मालक सगळ्यात शेवटी, चालत, सायकल ढकलत, दाढीत वाळू. त्यानं हौसाकडं बघितलं आणि भोंगा एकदाच वाजवला.

खोली राहिली. पण परबाला राहवलं नाही. टॉवेल सोडून तो म्हणाला, "मालकांनु, पाय तर तुमचोय टेकलो. मगे तुमचा घर?"

आम्ही हसलो, होडीवाला हसला. मालक हसला नाही. संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं आपल्या घराला बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली हौसाच्या हातात दिली. पुढच्या रविवारपर्यंत तो स्वतःच्या घरात शिरला नाही. ओट्यावरच्या बाकावर झोपला, विहिरीवर आंघोळ केली, डुकरं अंगणात त्याच्याकडं संशयानं बघायची. हौसा त्याला भाकरी आणि कालवण नेऊन द्यायची. मी म्हटलं, अहो मालक, मस्करी होती, आत जा. म्हणाला, "नियम कुनाच्या बापाचा नाय, माझ्या पन नाय." असल्या माणसाला तुम्ही वेडा म्हणाल. आम्हीही म्हणायचो. पण त्या आठवड्यात गावठाणात कुणीच भाडं थकवलं नाही.

त्यानंतर आमची वरात बघायला माणसं दारात यायची. रस्त्यावरची पोरं ओरडायची, "बायको डायवर, नवरा किलींडर." कारखान्यात तर दोन वर्षं मला हेच नाव होतं, किलींडर. पहिल्यांदा राग यायचा. मग मी विचार केला, फुकट बसून जायला मिळतंय, पाय दुखत नाहीत, हवा लागते, यात लाजायचं काय? बाकीचे पुरुष घाम गाळत चढ चढायचे आणि मी मागं बसून शेंगदाणे खायचो.

माहीमला एका हवालदारानं धरलं होतं, डबल सीट म्हणून. तेव्हा तो गुन्हा होता. शिट्टी मारून थांबवलं, वही काढली आणि मग बाई पुढं आणि बाप्या मागं बघून त्याची पेन्सिलच चालेना. "चालक कोण?" म्हणाला. हौसा म्हणाली, "दिसत न्हाई का?" मालक मागं येऊन म्हणाला, "हवालदार, लिव ना. पन रिपोट वाचताना तुझा सायेब तुनाच हसेल." त्यानं वही मिटली आणि आम्हाला जायला सांगितलं, पण चालत. कोपऱ्यापर्यंत चालत गेलो.

दर्या दाखवताना मालक जी माहिती द्यायचा ती शंभर टक्के खोटी. कुलाब्याच्या दीपस्तंभाचा दिवा फिरतो कारण आत एक गोवेकर बसून हातानं फिरवतो. बोटीचा धूर काळा निघाला तर कप्तानानं बटाटे खाल्लेत. वरळीला लाटा मोठ्या कारण तिथं श्रीमंत राहतात, आणि दर्याला कुणाच्या तोंडावर उडायचं ते कळतं. लेले चिडून खरं काय ते सांगायचा, आणि मालक दोनदा भोंगा वाजवायचा. आजही मला खरं काय ते आठवत नाही, बटाटे आठवतात.

आणि एक गोष्ट तो कधीच करू द्यायचा नाही. थांबू द्यायचा नाही. होडीत चढायला, पाणी प्यायला, पंक्चर काढायला थांबायचं, पण तेव्हा पाठ दर्याकडं करायची. "दर्या थांबून बघायचा नाय," एवढंच म्हणायचा. का, ते सांगायचा नाही. लोक एवढ्या लांबून चौपाटीला येऊन वाळूत बसतात, भेळ खातात, आणि आम्ही मात्र समोरून चोरासारखे सरसर निघून जायचो.

नाताळच्या सुमाराला वर्षातून एकदा मोठी फेरी असायची, पार नरिमन पॉइंटपर्यंत. तिथं तेव्हा समुद्रात भराव टाकत होते. पहिल्या वर्षी रस्ता संपला तिथं पाणी होतं, नंतरच्या वर्षी माती आणि ट्रक. मालकाचा चेहरा असा झाला की जसं त्याच्या ताटात कुणी माती टाकलीय. तो एका डंपरच्या पुढं सायकल फिरवत राहिला, गोल गोल, भोंगा दाबून. ड्रायव्हर सरदारजी, बिचारा भला माणूस, खाली उतरून म्हणाला, "बाबाजी, मैं तो नौकर हूँ." मालक म्हणाला, "मी पन टगवर नौकरच होतो. पन दर्या बुजवला नाय कदी." परतीच्या वाटेवर मला अंधेरी येईपर्यंत बसताच येईना, कॅरिअरच्या सळया अंगात छापल्या गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भट्टीवर मी उभ्यानंच जेवलो.

त्या संध्याकाळी मालक दारात आला. हातात ती लाल चौकड्यांची गादी. तोपर्यंत हौसानं जुनी सायकल घेतली होती, ती अंगणात उभी होती. त्यानं स्वतः खाली बसून तिच्या कॅरिअरला गादी बांधली, सुतळीच्या गाठी मारल्या, टगवर मारतात तशा, ओढल्या की घट्ट होणाऱ्या.

"तुझ्या घाट्याचं बूड नाजूक हाय," तो हौसाला म्हणाला. "सांभाल."

मला वाटलं, गादीला सांभाळ म्हणतोय. हौसा म्हणाली, दोघांना.

त्याची छाती भरून यायला लागली ती त्यानंतर काही वर्षांनी. डॉक्टरनं सायकल बंद केली. लेले तोवर फ्लॅट घेऊन गोरेगावला गेला होता, परबाचं लग्न झालं आणि त्याच्या बायकोनं रविवार स्वतःकडं घेतला. एका रविवारी मालक सरमनला उठलाच नाही, उठवेना. मिस्स संपल्यावर हौसा चर्चच्या दारात सायकल घेऊन उभी होती. "बसा," म्हणाली. त्यानं गादीकडं बघितलं. दोनदा भोंगा वाजवून नाही म्हणायची त्याची सवय, पण भोंगा त्याच्या सायकलवर राहिलेला. तो बसला. हॅट मांडीवर धरून, एका बाजूला पाय सोडून, जशी बायका बसतात तसा. मी बसनं वर्सोव्याला गेलो आणि त्यांच्या आधी पोचलो.

तिथं पाण्याजवळ हौसानं पाय टेकला. तिला वाटलं, म्हाताऱ्याला निवांत बघू द्यावं. तर तो मागून तिच्या पाठीवर थापट्या मारायला लागला. "चल, चल, थांबू नको." ती म्हणाली, "बगा की जरा वाईच. का वो थांबायचं न्हाय?" तो काय म्हणाला ते मला लांबून ऐकू आलं नाही. घरी आल्यावर हौसानं सांगितलं, पीठ मळता मळता.

तो म्हणाला होता, "थांबलं की मानूस वाट बघाय लागतो, हौसाबाय."

मी म्हटलं, म्हातारं चळलं आता. हौसा पीठ मळत राहिली.

त्याच्या मयतीला सगळे भाडेकरू आले, जुने, नवे, गोरेगावचे. पाद्रीनं चांगलं लांबलचक सरमन दिलं. मालकाला पेटीत सगळं ऐकावं लागलं, उठून जायची सोयच नव्हती. मला हसू आलं आणि मी टॉवेल तोंडावर धरला. बाजूच्या बाईला वाटलं रडतोय, तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला.

त्याचं घर, पत्र्याच्या खोल्या, विहीर, सगळ्यावर आता सात मजली इमारत आहे. मालकाचा एक मुलगा परदेशी होता, त्यानं जुन्या भाडेकरूंना जागा दिली, माणूस वाईट नव्हता. तिथंच मी राहतो, चौथ्या मजल्यावर, मुलगा आणि सून बरोबर. हौसानं गुडघे जाईपर्यंत सायकल चालवली. नंतर आम्ही दोघं रिक्षातून जायचो, चालत्या रिक्षातून बघायचो आणि परत यायचो. रिक्षावाले समजायचे, म्हातारा-म्हातारी चक्रम आहेत.

ती गेल्यावर मला एक गोष्ट कळली जी मालकानं कधी सांगितली नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस जातात. दूध येतं, नळ येतो, सून औषध देते, माणूस ढकलला जातो. रविवार जात नाही. सगळी घरी असतात आणि तरी तो सकाळी सुरू झाला की संपत नाही. ही अट घालून पत्र्याच्या खोल्या भाड्यानं देणारा माणूस काय भाड्यासाठी देत होता होय? आणि आम्ही त्याला भोंगा म्हणत होतो.

गेल्या रविवारी मी माळ्यावरनं गादी काढली. कापड विरलंय, चौकडे पुसलेत. सुनेनं विचारलं, "बाबा, कुठं?" मी म्हटलं, "येतो." खाली रिक्षा केली, सीटवर गादी टाकली आणि बसलो. रिक्षावाला यूपीकडचा, पोरगाच होता. वर्सोव्याला त्यानं पाण्याच्या तोंडाशी रिक्षा उभी केली. "उतरो चाचा, समुंदर आ गया."

"उतरना नहीं है. चलाओ."

"कहाँ?"

"बाजू बाजू से."

तो मीटरकडं बघून खूश झाला आणि निघाला. सात बंगल्यावरून जुहूकडं. पूर्वी डाव्या-उजव्या हाताला नुसता खाजणाचा चिखल आणि पलीकडं पाणी असायचं. आता इमारतींच्या फटीतून समुद्र तुकड्यातुकड्यानं दिसतो, चोरून. तरी मला चाललं. माझ्यासाठी समुद्र म्हणजे एका बाजूला पाणी आणि समोर हौसाची पाठ, घामानं ओलं झालेलं पोलकं आणि मानेवर सुटलेले केस. पाठ सोडली तर बाकी सगळं होतं तिथं.

जुहूला सिग्नल लागला. लाल. नेमका तिथं इमारतींमध्ये एक मोठा मोकळा तुकडा होता आणि त्यात भरतीचं पाणी, पार वरपर्यंत आलेलं.

"चल," मी म्हटलं.

"लाल है, चाचा."

"माहिती आहे. चल."

त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. सिग्नल काही बदलेना. मी पाण्याकडं बघायचं नाही म्हणून मागं वळून बघितलं, मग पुढं, मग परत मागं, फुटपाथवर, गर्दीत, नऊवारी दिसते का.

"कोई आनेवाला है क्या?" पोरानं विचारलं.

मालक सगळं खोटं सांगायचा. तो दिवा, तो धूर, ते बटाटे. थांबलं की काय होतं, एवढं एकच त्यानं खरं सांगितलं होतं, आणि तेही मला नाही.

"नाही," मी म्हटलं. "तू हॉर्न वाजव."

त्यानं एकदा वाजवला. मी म्हटलं, अजून एकदा.